हद्द कोतवालाची, वाट ठगांची

१८१८ च्या उन्हाळ्यात पेशवाई बुडाली आणि निजामाच्या राज्यातले जालना अचानक सीमेवरचे गाव झाले. म्हणजे गाव होते तिथेच होते. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, मधे मस्तगडाचे बुरूज. बदलले ते भोवतीचे. उत्तरेला भोकरदन ओलांडून अजिंठ्याचा डोंगर उतरला की खानदेश लागायचा, तो आता कंपनी सरकारचा होता. पश्चिमेला पैठणपुढे गोदावरी ओलांडून नगरच्या मुलखात शिरले की तिथेही कंपनीचाच कलेक्टर. पूर्वेचा वऱ्हाड अजून निजामाचा होता, पण तोही पुढे १८५३ मध्ये जायचाच होता. एखादा घोडेस्वार दोन-तीन मजला मारून कुठल्याही बाजूला दुसऱ्या कायद्याच्या राज्यात पोचू शकत होता. चोराला याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. सरकारांना बराच लागला.

जालना म्हणजे ‘सोने का पालना’ अशी म्हण या भागात आजही ऐकू येते. ती उगीच पडलेली नाही. मोगलांच्या काळापासून इथली पेठ नावाजलेली होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजा दक्षिणेतल्या एवढ्या मुलखातून नेमक्या जालन्यावर येऊन थडकल्या त्या याच पेठेसाठी. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला, आजच्या जालना जिल्ह्यातच, आसईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर जालन्याला इंग्रजी छावणी बसली. आधी निजामाच्या खर्चाने पोसलेली मद्रास लष्कराची सहायक फौज, पुढे हैदराबाद कंटिंजंट. १८१७ च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांशी बिनसले तेव्हा जनरल डव्हटन याच सहायक फौजेनिशी नागपूरला पोचला.

छावणी आली म्हणजे पगार आला. पगार आला म्हणजे दिवाळी-दसऱ्याला रजा घेऊन, कमरेला कसा बांधून गावाकडे चालत निघालेला शिपाई आला. हा शिपाई म्हणजे त्या काळातल्या रस्त्यांवरची सर्वांत सोपी शिकार होती. कारण साधे होते. तो अमुक दिवशी घरी पोचेल असे घरच्यांना ठाऊक नसायचे, आणि वेळेवर परतला नाही तर पलटणीत त्याचे नाव पळपुट्यांच्या यादीत चढायचे. एक माणूस नाहीसा होतो आणि दोन्हीकडे कुणालाच शंका येत नाही. बंगाल लष्कराच्या मेजर जनरल सेंट लेजरने १८१० मध्येच हुकूम काढून शिपायांना बजावले होते की वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्यांच्या नादी लागू नका, रोकड बाळगू नका, हुंडी करा. हुकूम निघाला, माणसे नाहीशी होतच राहिली.

त्यात काळ वाईट आला. पेशव्यांचे, होळकरांचे, शिंद्यांचे, पेंढाऱ्यांचे हजारो हत्यारबंद लोक एकाएकी बिनकामाचे झाले. तलवार चालवण्याखेरीज दुसरे काही न शिकलेला माणूस नांगराला हात लावत नाही, निदान पहिल्या पिढीत नाही. दरबार मोडले तसे त्यांच्या आधाराने जगणारे विणकर, सराफ, लमाण, कारागीर सगळेच खाली बसले. १८३० चे दशक हे देशभर मंदीचे दशक होते; धान्याचे भाव पडलेले, बाजारात नाणे कमी आणि सरकारला सारा मात्र रोख हवा. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत महामंदी म्हटले की १९२९ चे न्यूयॉर्क येते. आपल्याकडे ती शंभर वर्षे आधी येऊन गेली, एवढेच की तिच्यावर सिनेमे निघाले नाहीत.

निजामाच्या राज्यात या मंदीवर आणखी एक थर होता. निजामाचा कारभारी चंदूलाल याच्या काळात परगणे मक्त्याने दिले जात. मक्तेदाराने जास्त बोली बोलून मुलूख घ्यायचा आणि रयतेकडून ते वसूल करायचे. पामर कंपनी नावाच्या सावकारी पेढीने हैदराबादचा दरबार कर्जात बुडवला आणि १८२४ मध्ये स्वतःही बुडाली. कंपनीचा हैदराबादेतला रेसिडेंट मेटकाफ याने जिल्ह्यांवर इंग्रज अधिकारी देखरेखीला बसवले होते; १८२९ मध्ये नवा निजाम नासिरुद्दौला गादीवर आला आणि त्याने ते परत पाठवले. त्या अधिकाऱ्यांत एक तरुण होता फिलिप मेडोज टेलर. अठरा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा निजामाच्या चाकरीत औरंगाबादला रुजू झालेला, मराठी-फारसी शिकलेला, पुढे तुळजापूरकडच्या भागात पोलिसाचे काम पाहणारा. आपल्या भागात रस्त्याकडेला पुरलेली प्रेते सापडतात, पण कोणी मारली याचा पत्ता लागत नाही, एवढे त्याच्या लक्षात आले होते. शोध लावण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावले गेले. आपण तिथे राहिलो असतो तर दख्खनातली ठगी उघडकीला आणण्याचा मान आपल्याला मिळाला असता, ही रुखरुख त्याने नंतर लिहून ठेवली आहे.

तो मान मिळाला विल्यम स्लीमनला. आणि त्याचीही सुरुवात लाजिरवाणीच होती. १८२० च्या दशकात स्लीमन नरसिंगपूरचा जिल्हा अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यात काय चालते ते आपल्याला सगळे ठाऊक आहे अशी त्याची खात्री होती. नंतर कळले की त्याच्या कचेरीपासून जेमतेम चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि भोपाळच्या रस्त्यावरची एक आमराई, जिच्या सावलीत वाटसरू उतरत, तिच्या पोटात प्रेतेच प्रेते होती. स्लीमनने ही गोष्ट स्वतःच जाहीर केली. कुणी प्रामाणिकपणा म्हणेल. मला त्यात मुरब्बी माणसाची चलाखीही दिसते. शत्रू किती भयंकर आणि किती अदृश्य आहे हे सांगण्याचा याहून चांगला मार्ग नाही, आणि शत्रू जितका मोठा तितके खाते मोठे.

ठगांची रीत आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात. दसऱ्यानंतर निघायचे, पावसाळ्याआधी परतायचे. वाटेत प्रवाशांत मिसळायचे, चार-चार दिवस सोबत चालायचे, एकत्र स्वयंपाक, एकत्र मुक्काम. मग ठरलेल्या जागी ठरलेला इशारा, गळ्यात रुमाल, आणि आधीच खणून ठेवलेला खड्डा. टोळीत कामे वाटलेली असत: गोड बोलून जाळ्यात ओढणारा वेगळा, फास टाकणारा वेगळा, हातपाय धरणारा वेगळा, खड्डा खणणारा वेगळा. हिंदू-मुसलमान एकाच टोळीत, आणि दोघेही भवानीला मानणारे.

यातला एक प्रसंग आपल्या भागाचा आहे. स्लीमनने माफीच्या साक्षीदारांशी झालेली संभाषणे १८३६ च्या आपल्या पुस्तकात छापली. त्यात वेरूळचा विषय निघतो. त्यांतला नामांकित ठग फिरंगिया आणि त्याचे सोबती सांगतात की दख्खनच्या फेरीत आम्ही ती लेणी पाहिली आहेत. तिथे जगातले सगळे धंदे कोरलेले आहेत, आमचाही आहे. एका ठिकाणी ठग प्रवाशाच्या शेजारी एकाच बैठकीवर बसून गप्पा मारतो आहे, दुसरीकडे रुमाल आवळतो आहे, तिसरीकडे प्रेत पुरतो आहे. ही माणसाच्या हातची कामे नव्हेत, असेही ते सांगतात. वेरूळला ज्याने एकदा नीट फेरी मारली आहे त्याला माहीत आहे की तिथे शिवाचे विवाह आहेत, रावण कैलास हलवतो आहे, नृसिंह हिरण्यकशिपूला फाडतो आहे. मिठीत घेतलेली, पाडलेली, दाबलेली शरीरे तिथे भरपूर आहेत. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय आहे त्यावर बाकीचे ठरते. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की माळव्या-बुंदेलखंडातली ही माणसे तुरुंगात बसून वेरूळची लेणी आठवत होती. म्हणजे नर्मदा उतरून, खानदेश ओलांडून, अजिंठ्याच्या घाटाने ती औरंगाबाद-जालन्याच्या या पट्ट्यात येत होती, लेणी पाहण्याइतकी निवांत येत होती, आणि परत जात होती. वाटेत कंपनीचे राज्य, शिंद्यांचे राज्य, होळकरांचे राज्य, निजामाचे राज्य. प्रत्येक नाक्यावर कोतवाल होता आणि प्रत्येक कोतवालाचा अधिकार पुढच्या नदीपाशी संपत होता.

सावकारांनी यावर आपल्या पद्धतीने तोड काढली होती. अमरावतीचे धनराज सेठ हे मोठे पेढीवाले. त्यांची रोकड घेऊन जाणारी माणसे ठगांनी एकदा नव्हे, अनेकदा मारली. सेठजींनी सरकारकडे दाद मागण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी आपला गुमास्ता बिहारीलाल याला संस्थानांच्या दरबारांत पाठवले. तो ठगांशी बोलणी करायचा, माल कुणाकडे गेला ते काढायचा आणि मालाचा काही भाग परत मिळत असेल तर तुरुंगातल्या ठगांना सोडवूनही आणायचा. पुढे पुढे हा मध्यस्थीचाच धंदा झाला. स्लीमनचा यावर मोठा राग होता. पण ज्या राज्यात फिर्याद घेणारा कोणी नाही तिथे व्यापारी दुसरे काय करणार? खंडणी देऊन माल सोडवणे आणि कायद्याने माल सोडवणे, दोन्हींचा खर्च व्यापाऱ्याच्या वहीत एकाच रकान्यात पडतो.

माणसे पळवण्याचा धंदाही याच काळात उजेडात आला. ठग आपण मारलेल्या प्रवाशांची लहान मुले कधी कधी जिवंत ठेवत आणि आपल्यातच वाढवत. ती मोठी होऊन ठग होत. पण १८३३ च्या सुमारास स्लीमनच्या माणसांना दिल्ली-राजपुतान्याकडे आणखी एक प्रकार सापडला, त्याला ‘मेगपुन्ना’ म्हणत. या टोळ्या श्रीमंतांच्या वाटेला जातच नसत. दुष्काळाने गाव सोडलेली गरीब कुटुंबे त्या हेरायच्या, आईबापांना मारायच्या आणि मुले विकायच्या. कशात पैसा आहे हे काळ ठरवतो. लोकांकडे सोने होते तेव्हा सोन्यासाठी खून होत. लोकांकडे मुलांखेरीज काही उरले नाही तेव्हा मुलांसाठी झाले.

आता स्लीमनने काय केले ते पाहू, कारण खरी गोष्ट ती आहे. १८३० च्या अखेरीस त्याने फिरंगियाला पकडले, आणि कसे, तर आधी त्याची आई, बायको आणि मूल ताब्यात घेऊन. ओलीस धरणे हे हत्यार दोन्ही बाजूंना चालत होते. फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. त्याने दाखवलेल्या जागा खणल्या, प्रेते निघाली. मग त्याने नावे सांगितली, त्या नावांनी आणखी नावे. स्लीमनच्या कचेरीत वंशावळ्या तयार होऊ लागल्या: हा कुणाचा मुलगा, कुणाचा साडू, कोणत्या टोळीत, कोणत्या वर्षी कोणत्या घाटात. नकाशावर खुनांच्या जागा मांडल्या गेल्या. एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्याला कळू न देता ताडून पाहिले जाई. जबलपूरच्या त्या कचेरीत हिंदुस्थानातला पहिला गुन्हेगारी दफ्तरखाना उभा राहत होता.

पण दफ्तर असून उपयोग काय, जर ठग निजामाच्या हद्दीत शिरला आणि स्लीमनचे नजीब शिपाई घाटावरच थांबले? म्हणून गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या सरकारने ही अडचण मुळातच मोडली. १८३५ मध्ये स्लीमन ठगी खात्याचा जनरल सुपरिंटेंडंट झाला. त्याचे हस्तक संस्थानांत शिरून पकडू शकत होते. हैदराबादेत कॅप्टन रेनॉल्ड्स बसला आणि तिथल्या ठगांचे खटले रेसिडेंटसमोर चालले. १८३६ चा तिसावा कायदा तर मासला म्हणून वाचावा असा आहे. अमुक माणसाने अमुकाचा खून केला हे सिद्ध करायची गरज नाही. तो ठगांच्या टोळीत होता, कधीही, कायदा होण्यापूर्वीही, कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर, एवढे सिद्ध झाले की सक्तमजुरीची जन्मठेप. खटला कुठल्याही जिल्ह्याच्या कोर्टात चालेल, काझीचा फतवा लागणार नाही. ठग म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र कायद्यात दिली नव्हती. हद्दीचा प्रश्न चार ओळींत सुटला. त्या चार ओळींत आरोपीच्या बाजूचेही बरेच काही वाहून गेले.

बरोबर शंभर वर्षांनी अमेरिका याच घाटावर येऊन अडली. मंदीत बँका बुडालेल्या, शेतकऱ्यांची शेते जप्त झालेली, आणि टोळ्या फोर्डच्या नव्या वेगवान गाड्यांतून एका राज्यात दरोडा घालून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या राज्यात. शेरीफ राज्याच्या वेशीवर थांबायचा. १ मार्च १९३२ ला विमानवीर लिंडबर्गचे तान्हे मूल पाळण्यातून पळवले गेले, पन्नास हजार डॉलर खंडणी मोजूनही ते जिवंत मिळाले नाही, आणि त्याच जूनमध्ये कायदा झाला की पळवलेला माणूस राज्याची सीमा ओलांडून नेला तर तो गुन्हा केंद्राचा. जॉन डिलिंजरची गोष्ट याहून मजेची. मार्च १९३४ मध्ये तो इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला आणि पळताना बाई शेरीफचीच गाडी घेऊन शिकागोला, म्हणजे इलिनॉयला गेला. बँका लुटल्याबद्दल, तुरुंग फोडल्याबद्दल केंद्राच्या पोलिसांना त्याच्यावर हात टाकता आला नव्हता; चोरीची गाडी सीमेपार नेली यावर टाकता आला. जुलैत शिकागोच्या बायोग्राफ थिएटरबाहेर त्याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी या केंद्रीय तपास खात्याचा प्रमुख हूवर याच्या माणसांना बंदूक बाळगायचा आणि अटक करायचा अधिकार कायद्याने मिळाला, आणि १९३५ मध्ये त्या खात्याला एफबीआय हे नाव.

हूवर आणि स्लीमन यांच्यात शंभर वर्षे आणि सात समुद्र असले तरी मला ते चुलतभाऊ वाटतात. दोघांनाही कळले होते की टोळी मोडायला पिस्तुलापेक्षा कार्ड जास्त उपयोगी पडते. (हूवरच्या कार्डांवर जे बोटांचे ठसे होते त्यांचे पहिले दफ्तर १८९७ मध्ये कोलकात्याला सुरू झाले, ही आणखी एक गंमत.) दोघांनीही गुन्हेगाराला मोठे केले. स्लीमनने ठगांचा अखिल भारतीय पंथ रंगवला, हूवरने जनतेचे शत्रू क्रमांक लावून रंगवले. स्लीमनच्या कामाला तर कादंबरीकारही मिळाला. तोच मेडोज टेलर. १८३९ मध्ये त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनला निघाली, अमीर अली या खऱ्या साक्षीदारावर बेतलेली. आपल्या हातून निसटलेला मान त्याने असा परत मिळवला. त्या कादंबरीनंतर ठग हा शब्द इंग्रजीत जो रुजला तो कायमचा.

आकडे मोठे आहेत. १८४० पर्यंत साडेतीन हजारांहून अधिक लोकांवर कारवाई झाली. ४६६ फासावर गेले, दीड हजारांच्या वर काळ्या पाण्यावर. कैद्यांच्या चेहऱ्यावर गोंदण केले जाई, म्हणजे सुटला तरी ओळखू यावा. माफीचे साक्षीदार जबलपूरला वस्ती करून राहिले आणि त्यांना तंबू आणि सतरंज्या विणायला लावले. ठग खरोखर होते का, असाही प्रश्न अलीकडे विचारला गेला आहे. स्टुअर्ट गॉर्डन, किम वॅग्नर यांनी कागद पुन्हा तपासले. पिढीजात, देवीच्या नावाने खून करणारा देशव्यापी पंथ बहुतेक स्लीमनच्या टेबलावर तयार झाला. पण जमीनदारांच्या आश्रयाने राहणाऱ्या, हंगामी लुटीवर जगणाऱ्या, फास टाकून मारणाऱ्या टोळ्या खऱ्या होत्या. प्रेते खणून काढली ती कुणी कागदावर खणली नव्हती. मला हे मत पटते.

निजामाच्या मुलखात या सगळ्याने शांतता आली असे मात्र नाही. रुमाल बाजूला पडला, पण पळवापळवी राहिली, आणि ती उघड्यावर. अरब आणि रोहिले हे निजामाच्या व त्याच्या सरदारांच्या पदरी असलेले भाडोत्री शिपाई. त्यांचा पगार वर्षानुवर्षे थकायचा. मग तेच व्याजाने पैसे लावू लागले, आणि वसुलीसाठी माणूस उचलून नेऊ लागले. हैदराबादेत अरब जमादारांचे स्वतःचे तुरुंग होते, त्यांत त्यांचे कर्जदार डांबलेले असत, आणि कोतवाल त्या दारावरून मान खाली घालून जायचा.

यातले सर्वांत नामांकित प्रकरण जालन्याच्या शेजारचे. देऊळगाव राजा जालन्याहून एका दिवसाच्या वाटेवर. तिथले राजे जाधव घराण्याचे, म्हणजे सिंदखेडच्या लखुजींच्या, जिजाऊंच्या माहेरच्या वंशाचे. १८५३ मध्ये या देऊळगावच्या मानसिंगराव राजांना त्यांच्याच पदरच्या अरबांनी धरून ठेवले. मागणी एकच, थकलेला पगार टाका. औरंगाबादच्या रोशन दरवाजाबाहेर जसवंतपुऱ्यात हा सगळा तमाशा चालला होता. शहराच्या वेशीला लागून एक राजा आपल्या नोकरांच्या कैदेत, आणि निजामाच्या अंमलदारांना ते सोडवता येईना. शेवटी औरंगाबादच्या छावणीतून ब्रिगेडियर मेन कंटिंजंटची फौज घेऊन निघाला. अरब शरण आले नाहीत, लढले. दोन्हीकडची माणसे पडली, इंग्रज अधिकारीही मेले, आणि राजा सुटला.

या प्रकरणात चोर कोण हे ठरवायला बसले तर संध्याकाळ होते. अरबांचा पगार खरोखर थकला होता. राजाकडे पैसे नव्हते, कारण जहागिरीचे उत्पन्न आटले होते. निजामाकडे नव्हते, कारण तो कंटिंजंटच्या खर्चापायी कंपनीचा देणेकरी झाला होता. ज्या फौजेने राजाला सोडवले तिच्याच बिलापायी त्याच वर्षी, मे १८५३ च्या तहाने, वऱ्हाड निजामाच्या हातून गेला. नोकराने धन्याला धरले तर गुन्हा; कंपनीने थकबाकीपोटी अख्खा प्रांत लावून घेतला तर तह. जालन्याची पूर्वेची हद्दही अशी बदलली. देऊळगावच्या अलीकडेच आता परके राज्य सुरू होत होते.

त्याच वर्षी सालारजंग निजामाचा दिवाण झाला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. मक्ते काढून घेणे, अरब जमादारांचे दावे कोर्टात आणणे, त्यांचे तुरुंग बंद करणे, रोहिल्यांना बाहेर काढणे हे त्याने चिकाटीने, भांडण न करता केले. १८६५ च्या पुढे जिलाबंदी झाली. सुभे, जिल्हे, तालुके आणि त्यांचे पगारी पोलीस आले. पोलिसाला दरमहा पगार मिळतो ही साधी गोष्ट निजामी मुलखात ठगी खात्याइतकीच उपयोगी ठरली असावी. तिच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही.

ठगी खाते मात्र ठग संपल्यावरही चालू राहिले. १८३९ मध्येच त्याच्या नावात डकैती जोडली गेली होती. १८६० नंतर इंग्रजी प्रांतांना स्वतःचे पोलीस मिळाले तेव्हा ते संस्थानांपुरते उरले, म्हणजे हैदराबादसारख्या ठिकाणी, जिथे हद्द अजून अडत होती. १८८७ मध्ये त्याला एक खास शाखा चिकटवली, तिचे काम राजकीय बातम्या गोळा करणे. काँग्रेस त्या वेळी दोन वर्षांची होती. १९०२ मध्ये वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला, पुढच्या वर्षी हैदराबाद कंटिंजंट मोडून जालन्याची छावणी उठली. तोवर जालन्याला रेल्वे येऊन पोचली होती आणि रजेवरचा शिपाई तिकीट काढून घरी जात होता. १९०४ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ठगी-डकैती खाते बंद केले आणि त्याच दफ्तरावर, त्याच खुर्च्यांवर केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते बसवले. पहिला डायरेक्टर हॅरोल्ड स्टुअर्ट. स्लीमनच्या वंशावळ्यांच्या जागी आता क्रांतिकारकांच्या, संपादकांच्या, वकिलांच्या फायली आल्या. आजचा इंटेलिजन्स ब्युरो याच खात्याचा वंशज.

१८३६ च्या कायद्याची दुसरी शाखा दिल्लीकडे न जाता पालांवर, तांड्यांवर आली. टोळीत असणे हाच गुन्हा, हे एकदा कायद्यात बसल्यावर पुढचे पाऊल जमातीत जन्मणे हा गुन्हा, एवढेच होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ते उचलले. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडताना परवाना. पुढे हैदराबाद संस्थानातही तसाच कायदा झाला. पारधी, कैकाडी, भामटे यांच्या कित्येक पिढ्या पोलीस पाटलाकडे हजेरी लावत म्हाताऱ्या झाल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हद्द ओलांडून मराठवाड्यात शिरल्या आणि जालन्याभोवतीच्या सगळ्या जुन्या सीमा एका आठवड्यात निकालात निघाल्या. जमातींची यादी त्यानंतरही चार वर्षे शाबूत होती. ती रद्द झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला, आणि लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. चोरी झाली की आजही पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते.